खामगाव : दूरच्या युद्धाने मोठे केलेले गाव

छत्तीसगडातल्या चरोद्याहून पश्चिमेकडे निघणाऱ्या माणसाला दोन वाटा आहेत. एक जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडची, जी आता राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणून ओळखली जाते आणि थेट खामगावातून जाते. दुसरी हावडा-मुंबई लोहमार्गाची. चरोदा हे भिलाईला लागून असलेले रेल्वेचे गाव आहे. तिथल्या मोठ्या यार्डात कोळशाच्या आणि पोलादाच्या वाघिणींची जुळवाजुळव रात्रंदिवस चालते. त्यांतल्या ज्या मालगाड्या मुंबईच्या दिशेने सुटतात त्या नागपूर, बडनेरा, अकोला, शेगाव करत बुलढाणा जिल्ह्यातल्या जलंबवरून पुढे जातात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविकही याच मार्गाने येतात. त्यांतले फार थोडे जलंबला उतरत असतील. पण उतरलात तर तिथून दक्षिणेला निघणारा रेल्वेचा एक छोटा फाटा जरूर पाहा.

हा फाटा आठ मैलांचा आहे, म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटर. तो खामगावला जातो आणि तिथेच संपतो. १८७० च्या मार्चमध्ये तो सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. त्याच मार्च महिन्यात मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडणारा जबलपूरचा सांधा खुला झाला. त्या सोहळ्याला देशाचा सर्वोच्च अधिकारी जाणे स्वाभाविक होते. पण वऱ्हाडातल्या आठ मैलांच्या फाट्यासाठी त्याने वाट वाकडी का करावी? या प्रश्नाचे उत्तर खामगावात सुरू होत नाही. ते अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठच्या कापसाच्या मळ्यांत सुरू होते.

त्या मळ्यांत कापूस वेचणारी माणसे कोणाच्या तरी मालकीची होती. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम मोजले गेले. आई एका मालकाकडे आणि मूल दुसऱ्याकडे विकले जाणे हा कायदेशीर व्यवहार होता. आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती, पण सरकी काढण्याचे यंत्र १७९३ मध्ये आल्यापासून कापसाचा मळा इतका किफायतशीर झाला होता की गुलामगिरी आपोआप विझेल ही आशाच उरली नाही. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा या मळ्यांतून येत असे. कापूस हाच राजा आहे, असे दक्षिणेतले पुढारी सिनेटमध्ये उभे राहून सांगत.

देश दुभंगला तो एका दिवसात नाही. वाद पहिल्यांदा वेगळ्याच दिशेने आला. पश्चिमेकडे जी नवी राज्ये वसतील त्यांत गुलाम ठेवता येतील की नाही, हा तो प्रश्न होता. १८२० मध्ये नकाशावर एक रेघ ओढून तडजोड झाली आणि १८५४ मध्ये ती रेघ पुसली गेली. मग कॅन्सासमध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांची घरे जाळली. त्याच्या आधीच देवळाची फाळणी झाली होती. गुलाम बाळगणारा माणूस धर्मोपदेशक होऊ शकतो का, या प्रश्नावर मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये आणि बॅप्टिस्ट १८४५ मध्ये उत्तर-दक्षिण असे फुटले. १८५६ मध्ये गुलामगिरीविरुद्ध भाषण केले म्हणून एका सिनेटरला सभागृहातच काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारण्यात आले. मारणारा दुसऱ्या सभागृहाचा सदस्य होता. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही असा निवाडा दिला. १८६० मध्ये सत्ताधारी पक्षही दोन तुकड्यांनी निवडणुकीला उभा राहिला. एका राष्ट्रात ज्या ज्या जागी माणसे एकत्र बसतात, ती प्रत्येक जागा आधी फुटली आणि सगळ्यांत शेवटी राज्ये फुटली. अब्राहम लिंकन निवडून येताच साउथ कॅरोलायना बाहेर पडले. पाठोपाठ आणखी दहा राज्ये गेली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते असे दक्षिणेच्या कैवाऱ्यांनी नंतर पुष्कळ लिहिले. पण फुटीर राज्यांनी आपल्या संघराज्याची जी घटना केली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीला स्पष्ट शब्दांत संरक्षण दिले होते. एवढा एक कागद पुरेसा आहे.

लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेनेही आपला कापूस रोखून धरला होता. कापूस मिळाला नाही की इंग्लंड गुडघे टेकेल आणि आपल्याला मान्यता देईल, असा त्यांचा हिशोब होता. लँकेशायरच्या गिरण्या खरोखरच बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस तिथे पाच लाखांच्या आसपास माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले आणि लिंकनने त्याला उत्तर दिले. उपाशी माणसांनी गुलामांच्या बाजूने उभे राहावे, ही मला त्या सगळ्या काळातली सर्वांत उजळ घटना वाटते. गिरणीमालकांनी मात्र दुसरा रस्ता शोधला होता. तो रस्ता भारताकडे येत होता. १८६० मध्ये ब्रिटनच्या कापसात भारताचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास होता. १८६२ मध्ये तो पंचाहत्तर टक्क्यांवर गेला.

आता खामगावाकडे यावे. १८२० च्या सुमारास इथे काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडा कापूस असा तो व्यापार होता. विकाजी-पेस्तनजी या हैदराबादच्या पारशी पेढीने वऱ्हाडाचा कापूस मुंबईला धाडण्याचा धंदा त्याच दशकात सुरू केला. मुलूख निजामाचा होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले. म्हणजे अमेरिकेत बंदुका चालू झाल्या तेव्हा पूर्णा खोऱ्यातली काळीभोर कापूसजमीन नेमकी इंग्रजांच्या हाताखाली होती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी नव्या कापूसमुलखांच्या शोधासाठी १८५७ मध्येच एक मंडळ काढले होते. अमेरिकेतला गुलाम आज ना उद्या उठेल किंवा सुटेल, ही भीती त्यांना आधीपासून होती.

रेल्वे अजून आली नव्हती, हे विसरता कामा नये. थळ घाट ओलांडून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला तो १८६५ च्या आरंभी, आणि नागपूरला १८६७ मध्ये. युद्ध चालू असताना वऱ्हाडाचा कापूस बंड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर मुंबईकडे निघत होता. लमाणांचे तांडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा कापूस रस्त्याने कलकत्त्याकडे रवाना केल्याचे सांगतात. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, रात्री मुक्कामाला बैल त्याच कापसात तोंड घालत. मुंबईत तो पोहोचे तेव्हा पांढरा रंग क्वचितच उरलेला असे.

लँकेशायरच्या विणकरांना हा कापूस आवडला नाही. सगळा भारतीय कापूस तिथे ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई. त्याचा धागा आखूड, सारखा तुटणारा, आणि गाठीत माती, सरकी, कधी दगडही. देवा, आम्हाला कापूस दे पण सुरत नको, अशी प्रार्थना गिरणगावात केली जात असे म्हणतात. भाव चौपट झाल्यावर भेसळीला ऊत आला आणि मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही विणकर तोच कापूस विणत राहिले, कारण दुसरा मिळत नव्हता.

त्या चार वर्षांत वऱ्हाडातली कापसाखालची जमीन जवळपास दुप्पट झाली. कास्तकारांच्या हाती कधी न पाहिलेला पैसा आला. बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचा फाळ लावला, अशा कथा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आवर्जून लिहून ठेवल्या आहेत. मला त्या कथांमधला कौतुकाचा सूर खटकतो. दोन-चार घरांची हौस साऱ्या मुलखाची सुबत्ता म्हणून सांगितली गेली, आणि तेजीतला खरा पैसा मुंबईला थांबला. नेहमीच्या उत्पन्नाखेरीज सुमारे आठ कोटी पौंड या काळात मुंबईत आले. दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव घराघरात झाले, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर आभाळाला भिडले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईला पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा सौदे चुकते करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. १८६४ मध्ये मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजार होती. १८७२ मध्ये ती सहा लाख चव्वेचाळीस हजारांवर आली.

मुंबईचे हे दिवाळे पुष्कळांनी लिहिले आहे. खामगावचे पुढे काय झाले, ते कमी लिहिले गेले.

अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, पण इंग्रजांना एक धडा मिळाला होता. एकाच देशावर, तोही गुलामांच्या श्रमावर उभा असलेल्या देशावर, विसंबून राहायचे नाही. म्हणून युद्ध संपल्यावर वऱ्हाड सोडून देण्याऐवजी त्यांनी ते अधिक घट्ट धरले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस कमिशनर नेमला गेला. १८६७ मध्ये खामगावला नगरपालिका मिळाली. १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला. त्याच वर्षी मुंबई ते सुएझ समुद्राखालून तारेची केबल पडली आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात दिवसाच्या दिवसात कळू लागला. काही वर्षे खामगाव ही वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ होती. व्हाइसरॉय आठ मैलांसाठी आला तो यासाठी.

रिव्हेट-कार्नॅकच्या अहवालातला एक विचार मी वाचला तेव्हापासून विसरू शकलेलो नाही. रेल्वे आली की विलायती कापड गावोगाव पोहोचेल आणि देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, असे तो लिहितो. मग इथे सूत कातण्यात खर्ची पडणारा कापूसही निर्यातीला मिळेल, आणि सूत कातणारे, विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. तो हे धोका म्हणून लिहीत नाही. तो याची आशा करतो. खामगावच्या शेजारचे बाळापूर लुगडी आणि पागोट्यांसाठी नावाजलेले होते. पुढच्या पन्नास वर्षांत तिथले माग उतरत गेले आणि माणसे वेचणीला, जिनिंगला, हमालीला लागली.

जमिनीचेही तसेच. मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी होऊन जमीन खातेदाराच्या नावावर लागली, म्हणजे ती गहाण ठेवता आणि विकता येऊ लागली. सारा रोख भरायचा. रोख पैसा कापसाचा, आणि कापूस हाती येईपर्यंत सावकाराचा. पीक उभे असतानाच त्याचा सौदा होई. भाव लिव्हरपूल ठरवी, तूट कास्तकार सोसे. पश्चिम महाराष्ट्रात या कोंडीचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुप्याला झाला, जेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. चौकशीला बसलेल्या आयोगाने कारणे शोधताना अमेरिकन युद्धातल्या तेजीचे आणि नंतरच्या मंदीचे नाव घेतले. वऱ्हाडात तसा दंगा झाला नाही. इथे काय साचत होते ते दुष्काळाने दाखवले. ज्वारीच्या जागी कापूस पेरलेल्या मुलखात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. जलंबच्या फाट्यावरून धान्य येऊ शकत होते. ते विकत घ्यायला मजुराकडे दाम नव्हता.

कर्जबाजारी कुणबी म्हणजे गुलाम, असे मात्र मी लिहिणार नाही. त्याच्या लेकराला कोणी चौकात उभे करून विकत नव्हते. हा फरक पुसणे म्हणजे त्या चाळीस लाख माणसांच्या दुःखाचा अपमान आहे. आणि आपले हातही स्वच्छ नव्हते. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत होती, तिच्या नोंदी दफ्तरात आहेत. ती १८४३ च्या पाचव्या कायद्याने कागदोपत्री संपली. त्या कायद्याने गुलामावरची मालकी न्यायालयात मान्य करणे बंद केले, पण गुलामाला मोकळे करून काही दिले नाही. आपल्याकडे त्यावरून युद्ध झाले नाही, देश फुटला नाही, आणि म्हणून वादही पुरता झाला नाही. वेठ आणि वेठबिगार राहिले. वेठबिगारी रद्द करणारा कायदा व्हायला १९७६ उजाडले. चरोद्याच्या आसपासच्या मुलखातलेही एक उदाहरण सांगितले पाहिजे. बिलासपूर जिल्ह्यातून फरीदाबादच्या दगडखाणींत गेलेले १३५ वेठबिगार १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटून घरी आले. सहा महिन्यांनी पत्रकार नीरजा चौधरी त्यांच्या गावी गेल्या तेव्हा पुनर्वसनाचे काहीच झालेले नव्हते. चौधरींचे पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले.

हा वाद आपल्या मातीत नीट मांडणारा माणूस पुण्यात होता. खामगावला रेल्वे आली त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जो त्याग केला तो पाहून आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. युद्धाची तीच बातमी मुंबईच्या शेअरबाजाराने ऐकली होती, मँचेस्टरने ऐकली होती, व्हाइसरॉयने ऐकली होती. प्रत्येकाने तिच्यात कापसाचा भाव पाहिला. फुल्यांनी माणूस पाहिला. दहा वर्षांनी ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहायला बसले तेव्हा सारा, कर्ज आणि कारकुनाच्या कचाट्यातला शेतकरी त्यांच्या डोळ्यांसमोर होता. खामगावच्या बाजारात कापूस घेऊन येणारा कास्तकार याच कचाट्यात उभा होता.

बाजारात त्याला काही संरक्षण मिळाले ते १८९७ च्या कायद्याने. वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी झालेला हा कायदा आजच्या बाजार समित्यांचा पूर्वज समजला जातो. मापारी, दलाल, अडत्या यांना परवाना लागू लागला. १९७२ मध्ये महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तीस-एक वर्षे चालली आणि मोडीत निघाली. तिच्या काळातल्या चुकाऱ्यासाठीच्या रांगा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात.

आजचे खामगाव चांदीसाठी ओळखले जाते. शुद्ध चांदीच्या भांड्यांसाठी आणि मूर्तींसाठी दूरदूरचे लोक येतात आणि गावाला रजतनगरी म्हणतात. कोजागिरीपासून मोठ्या देवीचा शांती उत्सव सुरू होतो तेव्हा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, शेतात सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घातला जातो आणि पहिला कापूस बाजारात येतो. पाहुण्याने यायचे तर तेव्हाच यावे. सकाळी बाजार समितीच्या आवारात कापसाची हर्राशी पाहावी. दुपारी एखाद्या जिनिंगच्या दारात उभे राहावे. हवेत तंतू तरंगत असतात आणि सरकीचा उग्र वास येतो. संध्याकाळी जनुना तलावावर जावे. १८८० च्या दशकात गावाला पाणी देण्यासाठी तो कामी लावला गेला. जलंबचा फाटा अजून खामगावातच थांबतो. तो पुढे जालन्यापर्यंत न्यावा ही मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे.

भाव अजूनही दूरवर ठरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातशुल्क लावले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे अकरा टक्के शुल्क माफ केले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेचा कापूस स्वस्तात येण्याची वाट मोकळी झाली ती नेमकी वेचणीच्या तोंडावर. वऱ्हाडातल्या कास्तकाराला या निर्णयात कोणी विचारले नव्हते.

माझी खामगावकरांकडे आणि रेल्वेकडे एक मागणी आहे. स्टेशनाजवळ किंवा बाजार समितीच्या आवारात या गावाच्या कापसाचे एक संग्रहालय उभे करा. १८७० च्या फाट्याची कागदपत्रे, हाताने फिरवायचा रेचा, दाबलेली गाठ, लमाणांच्या बैलांचा साज, बाळापूरचे पागोटे, १८९७ च्या कायद्याची प्रत, सावकाराची खतवही, दुष्काळी कामांच्या याद्या हे सगळे तिथे ठेवा. अमेरिकन मळ्यातल्या गुलामांच्या लिलावाची एक जाहिरात लावा, आणि तिच्याशेजारी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका. शाळेची मुले सहलीला आली की त्यांना आधी या दोन कागदांपुढे उभे करा.